रे. टिळक हे कोणाचे?

गेल्या पंधरवड्यांत कांहीं कागदपत्रें पाहण्याच्या निमित्तानें शिवाजी पेठेंतील एका गुळाच्या व्यापाऱ्यांच्या घरीं जाण्याचा आम्हांस योग आला. सोप्यांत बसून आम्ही खरेदीखतें चाळीत होतों, आणि पलीकडे त्या गृहस्थांचे वृद्ध वडील नातवाला पुढ्यांत घेऊन एक कविता म्हणून दाखवीत होते. घायाळ झालेली पक्षीण पिलांच्या ओढीनें घरट्याकडे धडपडत येते, ती सर्वांच्या परिचयाची कविता. म्हाताऱ्यांचें वय ऐंशीच्या पुढें, शिक्षण मराठी सातवीपर्यंत. पण श्लोकामागून श्लोक ते बिनचूक म्हणत होते, आणि शेवटीं त्यांचा गळा दाटून आला हेंही आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं. आम्ही सहज विचारलें, ‘‘आजोबा, कविता कोणाची हो ही?’’

‘‘टिळकांची.’’

‘‘कोणत्या टिळकांची?’’

‘‘लोकमान्यांची! दुसरे कोण टिळक आहेत?’’

आम्ही खरा प्रकार सांगितला. ही कविता लोकमान्यांची नव्हे, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची; ते अहमदनगरास ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. बैठकींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. चिरंजीवांनीं विषय बदलण्याच्या हेतूनें चहा मागविला. म्हातारे मात्र विचार करीत राहिले व थोड्या वेळानें म्हणाले, ‘‘म्हणजे बाटलेले म्हणायचे. पण वकीलसाहेब, कविता तर आपल्या माणसाचीच वाटते.’’

कोर्टांत कधीं कधीं साक्षीदाराच्या तोंडून असें एखादें वाक्य निघून जातें कीं, त्यापुढें दोन्ही बाजूंच्या वकिलांचा युक्तिवाद फिका पडावा. आजोबांचें हें वाक्य त्या जातीचें आहे. त्याच्या पहिल्या अर्ध्यांत आमच्या समाजानें रे. टिळकांवर केलेला हुकूमनामा आहे, आणि दुसऱ्या अर्ध्यांत त्या हुकूमनाम्यावरचें अपील आहे. केशवसुत, टिळक, विनायक, गोविंदाग्रज व बालकवि या पांच जणांस आधुनिक मराठी कवितेचे पंचक म्हणण्याचा प्रघात आहे. त्या पांचांत एक ख्रिस्ती पाद्री आहे, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासांत छापलेली असली तरी आमच्या घराघरांत ती पोंचलेली नाहीं. आम्ही कविता माजघरापर्यंत नेली आणि कवीला उंबऱ्याबाहेर उभें ठेविलें, हा व्यवहार सचोटीचा आहे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं एका चित्पावन कुटुंबांत झाला. बापाचा स्वभाव कडक, आई भाविक व कवितेची आवड असलेली. आई लहानपणींच गेली, आणि मुलगा घर सोडून नाशकास आला. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यानें संस्कृताचें अध्ययन केलें, थोडें इंग्रजी शिकला, आणि लौकरच आपल्या वाणीवर पोट भरूं लागला. पुढचीं पंधरा वर्षें या गृहस्थाच्या पायांस भिंगरी होती. आज या गांवीं मास्तर, उद्यां त्या गांवीं पुराणिक वा कीर्तनकार. घरीं न सांगतां निघून जावें, महिनोन्महिने पत्ता नसावा, मग एके दिवशीं अकस्मात् दारांत उभें राहावें. नागपुरास आल्यावर मात्र विद्वत्तेला आश्रय मिळाला. तेथें ‘ऋषि’ नांवाचें मासिक त्यांनीं चालविलें, वैदिक वाङ्मयाचा व्यासंग केला, आणि केशवसुतांसारख्या तरुण कवीशीं त्यांचा परिचय झाला तोही नागपुरांतच. म्हणजे परधर्म पाहण्यापूर्वीं हा मनुष्य स्वधर्माचा उंबरा ओलांडून आंतील गाभाऱ्यापर्यंत जाऊन आला होता. पोटभर शास्त्र न वाचतां धर्म बदलणाऱ्यांत त्यांची गणना करणें म्हणजे अज्ञान होय.

१८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एक युरोपियन गृहस्थ त्यांस भेटले. दोघांत कवितेच्या व धर्माच्या गोष्टी झाल्या, आणि त्या गृहस्थांनीं निरोप घेतांना बायबलांतील नव्या कराराची प्रत त्यांच्या हातीं ठेवून, दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल, असें भाकीत केलें. हे गृहस्थ कोण, हें टिळकांस पुढें कधींच कळलें नाहीं. पुस्तक वाचतां वाचतां डोंगरावरील प्रवचनाशीं ते येऊन थांबले व तेथेंच गुंतले. मनाचा झगडा बराच काळ चालला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

ही तारीख वाचतांना त्यापूर्वीं पांचच वर्षें पुण्यास काय घडलें होतें तें वाचकांनीं स्मरणांत आणावें. १८९० सालीं पंचहौद मिशनांत जमलेल्या मंडळींपुढें चहाबिस्किटें आलीं, आणि त्या एका चहापायीं न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांवर ग्रामण्य उठलें. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलें. प्रायश्चित्ताच्या गोष्टी झाल्या. पेलाभर चहाला जेथें एवढें मोल द्यावें लागे, तेथें उघडपणें बाप्तिस्मा घेणाऱ्या ब्राह्मणाची अवस्था काय झाली असेल ती सांगावयास नको. नोकरी, वृत्ति, आप्त, बायको व मुलगा हें सर्व त्यानें एका दिवसांत गमावलें. दुष्काळांत पोटच्या आगीमुळें लोकांचे धर्म बदलले जात, त्या प्रकारांस आम्ही पूर्वींही नांवें ठेविलीं असतीं व आजही ठेवितों. अन्नाच्या बदल्यांत घेतलेली संमति ही संमतिच नव्हे. पण टिळकांचें प्रकरण नेमकें उलटें आहे. ज्यानें धर्मासाठीं भाकरी सोडली त्याच्यावर भाकरीसाठीं धर्म सोडल्याचा आरोप करतां येत नाहीं.

येथें आम्हांस थोडें कायद्यांत शिरावें लागतें. वाचकांनीं धंद्याची खोड म्हणून क्षमा करावी. १८५० सालच्या एकविसाव्या कायद्यानें इंग्रजी मुलखांत असें ठरविलें होतें कीं, धर्म बदलला किंवा जातींतून बहिष्कार झाला म्हणून कोणाचा वारसाहक्क वा मालमत्ता बुडूं नये. पुढें १८६६ सालीं दुसरा एक कायदा झाला. ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास त्याच्या धर्मांतरापायीं पत्नीनें वा पतीनें टाकलें असेल, तर कोर्टाकडे जाऊन तो विवाह मोडून घेण्याची वाट त्या कायद्यानें मोकळी केली होती. टिळकांस ही वाट खुली होती. वय तेहतीस, नव्या समाजांत मान, आणि पत्नी पंढरपुरास नातलगांच्या घरीं, धर्मभ्रष्ट नवऱ्याच्या नांवानें अश्रु ढाळीत बसलेली. दुसरा एखादा असता तर नवा संसार मांडून मोकळा झाला असता. टिळक पत्रें लिहीत राहिले व वाट पाहत राहिले. चार वर्षांहून अधिक काळ अशा रीतीनें गेला.

या लक्ष्मीबाई म्हणजे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्या. त्यांच्या वडिलांचें सोवळें इतकें पराकाष्ठेचें होतें कीं, बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरांत जात नसे. मीठ व साखरही त्यांतून सुटत नसे. अशा घरांत वाढलेली बाई अखेर मुलाला घेऊन नगरास नवऱ्याकडे गेली ती ख्रिस्ती होण्यासाठीं गेली नाहीं. तिनें आपली चूल निराळी मांडली, आपलें पाणी निराळें भरलें, आणि टिळकांनीं तें सर्व चालूं दिलें. येथें आम्हांस त्यांच्या कवितेपेक्षांही मोठी गोष्ट दिसते. हाच मनुष्य संसारांत तापट होता, अविचारी होता, रागाच्या भरांत बायकोवर हात टाकण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. खुद्द लक्ष्मीबाईंनींच हें न लपवितां लिहून ठेविलें आहे, आणि आम्हीही तें झांकूं इच्छीत नाहीं. परंतु श्रद्धेच्या बाबतींत त्यानें तिच्यावर सक्ति केली नाहीं. पुढें जातिभेद हा देवाचा नसून माणसाचा आहे असें तिचें तिलाच पटलें, तेव्हां तिनें कोणाच्याही हातचें खाण्याचा निश्चय केला, आणि आपल्या बुद्धीनें नवऱ्याचा धर्म स्वीकारला. ज्या काळीं सुशिक्षित हिंदु घरांतही बायकोचें मत म्हणजे नवऱ्याच्या मताची सावली असे, त्या काळीं एका पाद्र्याच्या घरांत दोन धर्म व दोन चुली एकाच छपराखालीं नांदल्या, ही गोष्ट सुधारकांच्या शंभर ठरावांहून आम्हांस अधिक वजनदार वाटते.

अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) टिळकांच्या आयुष्याचा उत्तम भाग गेला. अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेंत ते शिकवीत. १९०४ सालीं त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून मरेपर्यंत ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे होतें. हें पत्र १८४२ सालीं नगरासच निघालेलें. आमच्या धंद्यांतील फार थोड्या पत्रांस एवढी वडिलकी लाभली आहे. याखेरीज व्याख्यान देणें, हातांत चिपळ्या घेऊन कीर्तनास उभें राहणें, प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांत वावरणें, आणि रस्त्यांत सांपडलेलें पोरकें मूल उचलून घरीं आणणें, हीं कामें चालूच असत. घरांत पैसा टिकत नसे. महिन्याचें सामान आणण्यास गेलेले टिळक भलतीच वस्तु घेऊन परत येत, किंवा मागणाऱ्याच्या हातांत सर्व देऊन मोकळ्या हातीं येत. संसाराची तोंडमिळवणी करणें हें लक्ष्मीबाईंचें काम. व्यापारी वाचक यावर हंसतील, आणि त्यांनीं हंसावेंही. असल्या भागीदाराबरोबर दुकान चालत नाहीं.

पण याच घरानें मराठी भाषेला एक मोठें माणूस दिलें. १९०७ सालीं जळगांवास पहिलें कविसंमेलन भरलें, त्यांत त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या पोरसवदा मुलाची कविता ऐकून मंडळी थक्क झाली, व तेथेंच त्याला ‘बालकवि’ हें नांव पडलें. त्या मुलाला टिळकांनीं नगरास आपल्या घरीं आणिलें. तो तेथें घरच्या मुलाप्रमाणें राहिला, लक्ष्मीबाईंशीं भांडला, रुसला, जेवला, आणि कविता करीत राहिला. त्याला ख्रिस्ती करण्याची खटपट टिळकांनीं केली असती तर तें कोणास नवल वाटलें नसतें. ठोमरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. १९१८ च्या मे महिन्यांत भादली स्थानकाजवळ आगगाडीखालीं त्यांचा अंत झाला, आणि बरोबर एक वर्षानें टिळकही गेले.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. धर्म सोडला त्यानें देश सोडला, असें आमच्याच पक्षांतील पुष्कळ मंडळी त्या वेळीं म्हणत व अजून म्हणतात. राज्यकर्त्यांचा धर्म तो याचा धर्म, सबब याची निष्ठाही तिकडेच, हें अनुमान वरवर पाहतां सयुक्तिक दिसतें. परंतु पुरावा पाहावा. बंगालचे कालीचरण बानर्जी ख्रिस्ती असून काँग्रेसच्या पहिल्या पिढींतील पुढारी होते. टिळकांच्या स्वदेशप्रीतीच्या कविता तर ख्रिस्ती झाल्यानंतर मंदावल्या नाहींत, उलट वाढल्या. मिशनांतील गोरा पाद्री हा धनी व देशी पाळक हा चाकर, ही व्यवस्था त्यांस असह्य होती, आणि त्यांनीं ती गोष्ट मिशनऱ्यांच्या तोंडावर सांगितली. हिंदी ख्रिस्ती मंडळीनें आपल्या पायांवर उभें राहावें, आपल्या भाषेंत व आपल्या रीतीनें देवाची उपासना करावी, असा त्यांचा आग्रह असे. स्वराज्याची मागणी ती याहून निराळी काय आहे? आम्ही ती सरकारपाशीं करीत होतों, ते चर्चमध्यें करीत होते, एवढाच फरक.

या आग्रहाचें फळ भजनांच्या रूपानें आजही उभें आहे. त्यांच्यापूर्वीं देशी चर्चांतून पुष्कळ ठिकाणीं इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसविलेलीं मराठी गीतें म्हटलीं जात. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनीं देशी चालींची वाट त्यांच्या आधींच धरली होती हें खरें. टिळकांनीं ओंवी, अभंग, पद व कीर्तन यांना तेथें मानानें बसविलें, आणि त्यांचीं शंभराहून अधिक गीतें मराठी ख्रिस्ती मंडळीच्या ‘उपासना संगीता’त गेलीं. आपण तुकोबांच्या पुलावरून चालत ख्रिस्तापाशीं आलों, असें ते सांगत. वारकऱ्यांस ही भाषा रुचो वा न रुचो, ज्याच्या ओठीं तुकाराम आहे त्याला परका म्हणणें कठीण आहे. १६१६ सालीं गोमांतकांत छापलेलें फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ थोर ग्रंथ खरा. पण स्टीफन्स बाहेरून येऊन मराठी शिकले. टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतलें तें आईच्या भाषेंत.

नव्या समाजालाही हा मनुष्य पूर्णपणें पचला नाहीं. १९१७ सालीं त्यांनीं मिशनच्या वेतनाचा त्याग केला, साताऱ्यास बिऱ्हाड हालविलें, आणि ‘देवाचा दरबार’ नांवाची मंडळी काढली. तींत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही येऊं शकत. पंथांचीं कुंपणें तींत नसत. ख्रिस्तास गुरु मानणें एवढें पुरे होतें. चर्चमधील कर्मठांस हें किती खुपलें असेल याची कल्पना आपल्याकडील कर्मठांवरून करतां येईल. जानवें तुटलेलें आणि वेतन सुटलेलें, अशा अवस्थेंत साताऱ्याच्या त्या बिऱ्हाडीं त्यांनीं दोन वर्षेंही पुरीं काढलीं नाहींत. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

आमच्या करवीरास या प्रकरणाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. १८५२ सालीं रे. वाइल्डर हे अमेरिकन पाद्री कोल्हापुरास आले तेव्हांपासून या शहरांत ख्रिस्ती मंडळी आहे. वाइल्डरांच्या नांवाचें देऊळ आपल्या सर्वांच्या जाण्यायेण्यांतलें आहे. मिरजेस डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं काढलेल्या रुग्णालयांत या भागांतील किती घरांनीं आपलीं माणसें नेलीं असतील त्याची गणती नाहीं, आणि तेथें औषधाची बाटली सोवळ्यांत आहे कीं ओंवळ्यांत हें कोणी विचारलें नाहीं. पंचगंगेच्या घाटावर १८९९ सालीं छत्रपतींसारख्यांस वेदोक्त नाकारण्यांत आलें, त्या दिवसाची बोच घेऊन हें शहर शहाणें झालें. शाहू महाराजांनीं येथें जातिजातींचीं वसतिगृहें उभीं केलीं, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेंही एक होतें. ते विद्यार्थी परके आहेत असें महाराजांस वाटलें नाहीं. पेठेपेठेंतील तालमी शाहू महाराजांची तसबीर भक्तीनें लावतात. त्या तसबिरीखालीं बसून कोणा शेजाऱ्याला बाटगा म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणत्या दस्तावरून मिळाला, तो दस्त आम्ही तरी अद्याप पाहिलेला नाहीं.

टिळकांमागें ‘ख्रिस्तायन’ थोडेच अध्याय होऊन अपुरें राहिलें होतें. तें पुरें करण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें, ज्यांना लग्नानंतर नवऱ्यानें लहर लागेल तेव्हां अक्षरें गिरवावयास लावलें होतें त्या लक्ष्मीबाईंनीं. आणि त्यांनीं रचलेला भाग मूळच्या कितीतरी पट मोठा झाला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. मराठी गद्यांत त्या तोडीचीं पुस्तकें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं निघतील, आणि टिळकांचें चरित्र त्यांत जितकें खरें उतरलें आहे तितकें कोणाही शिष्याच्या हातून उतरलें नसतें. कारण बायकोला नवऱ्याचा पुतळा करावयाचा नव्हता.

खरेदीखतांचें काम संपल्यावर आम्ही त्या पुस्तकाची आमच्याजवळची प्रत शिवाजी पेठेंत पाठवून दिली. आठ दिवसांनीं चिरंजीव दुसऱ्या एका कामासाठीं आमच्याकडे आले, तेव्हां आम्ही सहज पुस्तकाची चौकशी केली. ते म्हणाले, ‘‘रोज रात्रीं जेवणं झाल्यावर घरांतून मोठ्यानं वाचतात आणि वडील ऐकतात. अजून पंढरपूरचाच भाग चालला आहे. परत द्यायला जरा उशीर होईल, साहेब.’’